तक्रार नसलेल्या माणसाचा अर्ज

क्लेगशॉ गावात "कसं काय?" या प्रश्नाला एकच उत्तर आहे : "चाललंय. तक्रार नाही."

बर्नार्ड हॅस्लमचे वडील गिरणीच्या छपरावरून पडले, दोन्ही पाय मोडले, आणि स्ट्रेचरवरून नेत असताना वाटेत पाद्रीबाबा भेटले. "कसं काय, वॉल्टर?" असं त्यांनी विचारल्यावर वडील म्हणाले, "चाललंय." पाद्रीबाबांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. "हवा मात्र आज बरी आहे," एवढं म्हणून ते पुढं गेले. अशा गावात राहून सरकारकडे अपंगत्वाचा भत्ता मागणं म्हणजे मौनीबाबाच्या मठात भाषणस्पर्धा भरवण्यासारखं आहे. त्यातून अपंगत्व मनाचं असलं तर विचारूच नका. मोडलेला पाय निदान लोकांना दिसतो.

बर्नार्ड सत्तावन्न वर्षांचा होता. एकोणतीस वर्षं त्यानं बस कंपनीत वेळापत्रकं आखली. अख्ख्या खोऱ्यातल्या गाड्या त्याच्या शब्दावर सुटत आणि त्याच्याच शब्दावर थांबत. नियतीचा विनोद असा, की पुढं त्याची स्वतःचीच गाडी घराबाहेर सुटेना. निघायचं म्हटलं की आधी गॅस बंद आहे का बघायचा. मग नळ, मग मागचं दार, मग पुढचं दार. पुढचं दार बघेपर्यंत गॅस नीट बघितला होता की नुसताच बघितला होता अशी शंका यायची, की परत पहिल्यापासून. आपल्या एका चुकीपायी गल्लीतली बाराच्या बारा घरं उडणार अशी खात्री पटून तो कधीकधी जिन्याच्या पायरीवर छाती धरून बसे. डॉक्टर याला लांबलचक नावानं ओळखत. बर्नार्ड 'फेऱ्या' म्हणे. फेऱ्यांपायी नोकरी गेली, तेव्हाही त्यानं कंपनीला पत्र लिहून गैरसोयीबद्दल माफी मागितली होती.

त्याची बायको मॉरीन शाळेच्या कचेरीत कामाला होती. तिनं यावर आपल्या परीनं एक उपाय काढला होता. सकाळी निघताना ती गॅसच्या शेगडीची चारही बटणं उपटून पर्समध्ये टाकी आणि संध्याकाळी परत आणून लावी. शाळेतल्या पोरांचे हरवलेले हातमोजे, खोकल्याच्या गोळ्या आणि शेगडीची चार बटणं असं सगळं त्या पर्समध्ये गुण्यागोविंदानं नांदत असे.

हे सगळं चाललं होतं आणि कुणाचीच तक्रार नव्हती. पण मॉरीनचं एक पितळी वाद्य होतं. युफोनियम. तीन बोटांनी तीन कळा दाबून वाजवायचं, आणि मांडीवर घेतलं तर दोन वर्षांच्या धष्टपुष्ट मुलाएवढं भरे. बावीस वर्षं ती गावच्या बँडमध्ये ते वाजवत होती. बँडची तालीम गुरुवारी संध्याकाळी. आता दिवसा शेजारचा केन ग्रिमशॉ बर्नार्डकडे डोकावून जाई, पण गुरुवारी संध्याकाळी केन स्वतःच तालमीला असे, कारण मोठा ढोल त्याच्याकडे होता. एका गुरुवारी बर्नार्ड एकटा राहिला, तेव्हा त्यानं अग्निशामक दलाला दोनदा बोलावलं आणि दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं. तेव्हापासून तीन वर्षं युफोनियम कपाटामागं पेटीत पडून होतं. मॉरीन त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. तीही क्लेगशॉचीच.

एके दिवशी ती इस्त्री करत होती. डाव्या हातानं इस्त्री चालली होती आणि उजव्या हाताची तीन बोटं टेबलाच्या कडेवर वर-खाली होत होती. बर्नार्डनं ते पाहिलं. चाल ओळखीची होती. त्यानं पेपरची घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी सरकारला फोन लावला. भत्ता मिळाला तर गुरुवारी संध्याकाळी आपल्यासोबत बसायला एक माणूस ठेवता येईल, एवढा साधा हिशेब होता.

फोनवरच्या यंत्रानं पन्नास मिनिटं बासरी ऐकवली. मग एक खरी बाई आली. "वाट बघावी लागली, माफ करा हं," ती म्हणाली.

"छे छे, मला काही घाई नाही," बर्नार्ड म्हणाला. "दुसऱ्या कुणाचं तातडीचं असेल तर आधी त्यांचं घ्या."

बाईनं खरोखरच तसं केलं. बासरी पुन्हा सुरू झाली.

आठवड्यानं अर्ज आला. अठ्ठेचाळीस पानांचा. अर्ज आल्याचं गल्लीला पोस्टमननं कळवलं असावं, कारण दुपारी केन आणि समोरच्या मिसेस टॅटरसॉल दोघंही स्वयंपाकघरात हजर होते. मिसेस टॅटरसॉल यांच्या भाच्याला हा भत्ता मिळालेला असल्यानं त्या या विषयातल्या तज्ज्ञ होत्या.

"बर्नार्ड, बाळा, एक लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "सगळ्यात वाईट दिवस आठवायचा आणि तोच लिहायचा."

"पण रोज काही तसं नसतं, मिसेस टॅटरसॉल."

"रोजचं कोण विचारतंय? बारा गोष्टी विचारतात, प्रत्येकीला गुण. आठ झाले की तू पास."

"आणि जितका नालायक, तितके गुण जास्त," केन म्हणाला. "शाळेत ही पद्धत असती तर मी पहिला आलो असतो."

पण बर्नार्ड हा विचारलं तेवढंच आणि खरं तेच लिहिणाऱ्यांपैकी माणूस. पहिलाच प्रश्न होता, 'तुम्हाला साधं जेवण शिजवता येतं का?' बर्नार्डला उत्तम शिजवता येत होतं. मटणाचा रस्सा तर त्यानंच करावा. त्यानं लिहिलं, 'हो.' बायको घरात असली तरच, आणि नंतर तासभर शेगडीसमोर उभं राहावं लागतं, हे लिहायला खाली पुष्कळ रेघा होत्या. पण न विचारता आपलं पुराण लावणं त्याला बरं दिसेना. 'आणखी काही सांगायचं आहे का?' या प्रश्नाला दोन कोरी पानं दिली होती. त्यावर त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नाही. आभारी आहे.'

महिन्याभरानं तपासणीला बाई येणार असल्याचं पत्र आलं. केन आदल्या दिवशी कुंपणावरून ओणवून म्हणाला, "आता ऐक. दाढी करायची नाही. तो कोपरं फाटलेला स्वेटर घाल. आणि हे बघ, घर आवरू नकोस!"

बर्नार्डनं प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. सकाळी नऊपर्यंत तो दाढी न करता बसला. सव्वानऊला त्याला आपल्या आईचा चेहरा दिसू लागला. साडेनऊला त्यानं दाढी केली, आणि एकदा दाढी केल्यावर फाटका स्वेटर शोभेना म्हणून टाय लावला. टाय लावल्यावर बैठकीचं टेबल कळकट दिसू लागलं. दुपारी अडीच वाजता मिस लोमॅक्स नावाची तरुण तपासनीस दारात उभी राहिली, तेव्हा घर एखाद्या राणीच्या भेटीला तयार असल्यासारखं चमकत होतं.

"कसं काय, मिस्टर हॅस्लम?"

"चाललंय. तक्रार नाही. चहा घेणार ना?"

आता या प्रश्नापुरता बर्नार्डचा नाइलाज होता. क्लेगशॉमध्ये दारात आलेल्या माणसाला चहा न विचारणं हा आजार नव्हे, गुन्हा आहे. विजेच्या किटलीत त्यानं चहा केला. साखर किती, दूध आधी की मागून, बिस्किटं साधी की आल्याची, सगळं विचारलं. मिस लोमॅक्स कागदावर खुणा करत होती. पाऊण तास तिनं प्रश्न विचारले आणि बर्नार्डनं तिला काही जड जाऊ नये अशा बेतानं उत्तरं दिली. किटलीचा प्लग काढलाय का हे बघायला तो मधे चार वेळा आत गेला, पण दर वेळी येताना बिस्किटं घेऊन आला. त्यामुळं ते आदरातिथ्यात जमा झालं.

निघताना ती म्हणाली, "चारची बस मिळेल बहुतेक."

"मंगळवारी चारची जात नाही," बर्नार्ड म्हणाला. त्याचे डोळे तीन वर्षांत प्रथमच लकाकले. "तुम्ही तीन बावन्नची सत्तावीस नंबर घ्या, चर्चपाशी उतरा, समोरच्या थांब्यावर नऊ मिनिटांत एक्केचाळीस येते. पावसाळी दिवस असेल तर अकरा मिनिटं धरा."

तिनं तेही लिहून घेतलं. बसनं जाण्यासाठी घेतलं असावं असं बर्नार्डला वाटलं.

निकालाचं पत्र सोळा पानी होतं. 'अर्जदार नीटनेटके, टाय लावलेले. नजरेला नजर देऊन बोलतात. गरम पेय कुणाच्याही मदतीशिवाय तयार करतात. पाहुण्यांच्या आवडीनिवडी लक्षात घेऊन निर्णय घेतात. अनोळखी व्यक्तीला दोन गाड्या बदलून होणारा प्रवास आखून देऊ शकतात. स्वभाव आनंदी. एकूण गुण : शून्य.'

"शून्य!" केन ओरडला. "अरे, मी धडधाकट आहे, तरी मला तीन पडले असते!"

बर्नार्डला शून्य लागलं नाही असं नाही. त्याला आयुष्यात कशातच शून्य पडलं नव्हतं, भूगोलात तर चौसष्ट होते. पण खरं दुखणं वेगळंच होतं. एकोणतीस वर्षं नोकरी करून साहेबांनी त्याच्याबद्दल कधी इतकं चांगलं लिहिलं नव्हतं. मॉरीनला दोनदा तो माजघरात पत्र वाचत बसलेला सापडला.

"बर्नार्ड, हे नकारपत्र आहे," ती म्हणाली. "प्रशस्तिपत्र नव्हे."

"हो. पण 'पाहुण्यांच्या आवडीनिवडी' हे तिनं बरोबर टिपलं."

तो सोडूनच देणार होता. सरकारनं माणूस पाठवून तपासलं आणि तू ठणठणीत आहेस असं लेखी दिलं, तर त्यावर वाद कशाला घाला? पण त्याच संध्याकाळी मॉरीन बटाटे सोलत होती आणि तिची तीन बोटं बटाट्यावर वर-खाली होत होती. बर्नार्डनं फेरविचाराचा अर्ज केला. फेरविचार झाला, आणि विचार तोच निघाला. मग त्यानं अपील केलं. सोबत डॉक्टरांचं पत्र हवं होतं. डॉक्टर कामात होते, त्यांनी दोन ओळी दिल्या : 'मिस्टर हॅस्लम यांना मी अकरा वर्षं ओळखतो. अत्यंत सज्जन गृहस्थ.'

"आता तुला तक्रार करायला शिकवल्याशिवाय गत्यंतर नाही," मिसेस टॅटरसॉल यांनी जाहीर केलं. दर रविवारी दुपारी हॅस्लमांच्या स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. केन न्यायाधीश झाला. त्यासाठी तो घरून चष्मा घेऊन येई.

"बोला, मिस्टर हॅस्लम. काय त्रास होतो?"

"कधीकधी जरा... होतं."

"जरा काय होतं?"

"जरा. पण लोकांचं याहून जास्त असतं."

"लोक गेले खड्ड्यात! तुझं बोल!"

"ओरडू नकोस रे त्याच्यावर," मिसेस टॅटरसॉल म्हणाल्या. "बाळा, असं नसतं करायचं. जे दुखतंय ते मोठ्यानं बोलायचं."

"तुम्ही दाखवा ना करून," बर्नार्ड म्हणाला. "तुमचा खुब्याचा सांधा. मागच्या वर्षी बदलला तो."

मिसेस टॅटरसॉल सावरून बसल्या. घसा खाकरला. सगळे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर वेगवेगळे रंग येऊन गेले.

"माझं काय," त्या शेवटी म्हणाल्या, "चाललंय."

केननं चष्मा काढून पुसला. त्या रविवारी तालीम लवकर संपली.

सुनावणी जिल्ह्याच्या गावी, सकाळी दहाला होती. केननं गाडी सव्वाआठला दारात आणून उभी केली. बर्नार्ड पहाटेपासून तयार होता. पण तयार असणं आणि निघणं यांच्यामध्ये फेऱ्या होत्या. नऊ वाजले. दहा वाजले. केन गाडीत बसून स्टिअरिंगवर ढोलाचा ताल धरत होता. मॉरीननं सुनावणीच्या कचेरीला फोन करून उशीर होईल असं कळवलं, आणि मग ती फाटकाला टेकून शांतपणे उभी राहिली. घाई केली की पहिल्यापासून सुरू होतं, हे तिला तीन वर्षांत कळलेलं होतं. दहा पन्नासला बर्नार्ड बाहेर पडला. घामानं त्याचा टाय भिजला होता.

त्यांचा नंबर शेवटी लावला होता. टेबलामागं तिघं होते. मधोमध मिसेस ब्रायर्ली नावाच्या न्यायाधीशबाई, एका बाजूला डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला काही न बोलता लिहून घेणारे एक गृहस्थ.

"कसं काय, मिस्टर हॅस्लम?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

मागच्या बाकावर बसलेल्या केननं डोळे मिटले.

"चाललंय. तक्रार नाही," बर्नार्ड म्हणाला. "फक्त उशीर झाला, त्याची माफी मागतो. नियोजित वेळ आठ पंधरा होती. प्रत्यक्ष सुटली दहा पन्नासला."

"काय सुटली?"

"फेरी. घर ते फाटक. अंतर अकरा पावलं."

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. "दोन तास पस्तीस मिनिटं, अकरा पावलांना?"

"उशिराचं कारण नोंदवलंय," बर्नार्ड म्हणाला, आणि त्यानं कोटाच्या खिशातून निळी वही काढली. गाडीला उशीर झाला की कारण नोंदवायचं, ही एकोणतीस वर्षांची सवय. तक्रार करणं त्याच्या रक्तात नव्हतं, पण नोंद म्हणजे काही तक्रार नव्हे. तीन वर्षांत अशा सात वह्या भरल्या होत्या, हे गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. अर्जात कुणी वेळापत्रक मागितलंच नव्हतं.

तो वाचू लागला. आवाज स्वच्छ, थांब्यांची नावं वाचावीत तसा. "पाच दहा, गॅस. पाच चौदा, नळ. पाच एकोणीस, मागचं दार. पाच तेवीस, गॅस. पाच एकतीस, जिना. इथं बारा मिनिटं थांबा."

"जिन्यात थांबा कशासाठी?" डॉक्टरांनी विचारलं.

"श्वास घेता येत नव्हता. तो आला की पुढं." त्यानं पान उलटलं. "पाच त्रेचाळीस, गॅस."

"आज एकूण गॅस किती वेळा पाहिलात?"

"एकशे बारा. एका थांब्याला पाच-पाचदा."

"आणि तो बंद होता?"

"बटणंच नव्हती. आज बटणं रात्रीपासूनच मॉरीनच्या पर्समध्ये होती."

डॉक्टर पुढं झुकले. "मग एकशे बारा वेळा तुम्ही काय बघत होता, मिस्टर हॅस्लम?"

"बटणं नाहीत ना, ते," बर्नार्ड म्हणाला.

कुणी हसलं नाही. मॉरीननं पर्स उघडली. आधी एक लाल हातमोजा बाहेर आला, मग खोकल्याच्या गोळ्या, आणि मग तिनं चार काळी बटणं एका ओळीत टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी एक उचलून फिरवून पाहिलं आणि जपून परत जागेवर ठेवलं.

"मिसेस हॅस्लम, तुम्हाला काही सांगायचंय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नाही. तक्रार नाही," मॉरीन म्हणाली. मग तिनं हातमोज्याची बोटं सरळ केली. "फक्त गुरुवारची संध्याकाळ मिळाली असती, तर बरं झालं असतं."

क्लेगशॉच्या मानानं हा आक्रोश होता. बर्नार्डनं तिच्याकडे वळून पाहिलं. एकतीस वर्षांच्या संसारात तिनं काही मागितल्याचं त्याला आठवेना.

न्यायाधीशबाईही पलीकडच्याच खोऱ्यातल्या असाव्यात. त्या म्हणाल्या, "माझे वडील ऑक्सिजनच्या नळ्या लावून पडले होते, तेव्हाही म्हणायचे, चाललंय. मीच विचारायला चुकले." तिघांनी दहा मिनिटं सगळ्यांना बाहेर बसवलं आणि परत बोलावलं.

"मिस्टर हॅस्लम, तुम्हाला दहा गुण पडलेत. भत्ता मंजूर."

"आठच लागतात ना?" बर्नार्ड म्हणाला. "वरचे दोन दुसऱ्या कुणाला उपयोगी पडत असतील तर—"

"बर्नार्ड!" मॉरीन म्हणाली.

पुढच्या महिन्यात गुरुवारी सहा वाजता एक मदतनीस आला. निवृत्त पोस्टमन. त्याला डॉमिनो खेळता येत होतं आणि चहा जरा कडक लागत होता. कपाटामागून पेटी निघाली. मॉरीननं युफोनियमवरची धूळ पुसायला अख्खी दुपार घेतली होती. ती आणि केन निघाले, तेव्हा बर्नार्ड फाटकापर्यंत काही आला नाही, पण खिडकीतून हात केला.

फेऱ्या थांबल्या असं कुणी समजू नये. फेऱ्या भत्त्यानं थांबत नाहीत. पण आता फेरीला कंडक्टर होता. बर्नार्ड उठला की पोस्टमनही उठे, शेगडीसमोर त्याच्या शेजारी उभा राही, "बंद आहे," म्हणे, आणि डाव पुढं चालू होई. दोन गल्ल्यांपलीकडून बँडचा आवाज येत होता. त्यात एक युफोनियम तीन वर्षं गंजलेल्या दारासारखं कुरकुरत होतं. बर्नार्डनं खिडकी आणखी उघडली.

मॉरीन परतली, तेव्हा उन्हाळ्याचा लांबलेला उजेड बाहेर अजून होता. तिचे ओठ सुजले होते आणि गाल लाल झाले होते. पोस्टमन निरोप घेऊन गेला. तिनं पेटी खाली ठेवली.

"कसं काय?" तिनं विचारलं.

बर्नार्डनं तोंड उघडलं, आणि मिटलं. जरा विचार केला.

"वाईट," तो म्हणाला.

मॉरीन टोपीसकट खुर्चीत बसली.

"फारच वाईट गेलं," बर्नार्ड पुढं म्हणाला. शब्द नवे होते, पण जिभेला बरे वाटत होते. "साडेसातला जिन्यात वीस मिनिटं थांबा झाला. मला वाटलं, आता संपलंच सगळं. तो पोस्टमन डॉमिनोत लबाडी करतो. बिस्किटं मऊ पडली होती. आणि तू दुसऱ्या चालीत दोनदा चुकलीस."

"तीनदा," मॉरीन म्हणाली. तिनं टोपी काढली, बूट काढले, पर्समधून चार बटणं काढून शेगडीला लावली. "थांब, चहा टाकते. मग पहिल्यापासून सांग."